वाचक विचारतात : नोकरी, घर आणि पोहण्याचा सराव

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं तिशी ते साठीतल्या हौशी पोहणाऱ्यांची आहेत. पदकासाठी कुणी पोहत नाही, पण नीट पोहता यावं ही तळमळ सगळ्यांना आहे, आणि वेळ कुणालाच पुरत नाही. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

वय ४२, बँकेत नोकरी, राहायला डोंबिवलीत. सकाळी ६ ते ६:४५ ची बॅच आठवड्यातून दोनदाच जमते, शिवाय रविवारी तासभर मिळतो. बाकीचे रोज येतात. तीन दिवसांत प्रगती होईल का? दीड वर्षात ५०० मीटर न थांबता जातो, पण वेग तिथंच अडकलाय.

होईल. फक्त तीन दिवस लागोपाठ घेऊ नका. मंगळवार, गुरुवार, रविवार असे विखरून घ्या. चार-पाच दिवस पाण्यात उतरलं नाही, की हाताला पाणी धरण्याची जी जाण असते ती बोथट होते. मग पुढच्या खेपेचा निम्मा वेळ ती परत मिळवण्यात जातो. म्हणूनच रविवारी एकदम दोन तास पोहण्यापेक्षा आठवड्यात तीनदा चाळीस-चाळीस मिनिटं केव्हाही चांगली.

वेग अडकण्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. तेच ५०० मीटर, त्याच चालीनं, प्रत्येक वेळी. शरीराला तेवढ्याची सवय झाली की ते बदलायचं थांबतं. आता तुकडे पाडून पोहा.

त्याआधी एक चाचणी. थोडं अंग गरम करून ४०० मीटर एकसारख्या, जमेल तितक्या वेगानं पोहा आणि वेळ लिहून ठेवा. आठ-दहा मिनिटं अगदी हळू पोहून मग २०० मीटर तसेच पोहा. समजा ४०० ला १० मिनिटं २० सेकंद लागले आणि २०० ला ४ मिनिटं ५० सेकंद. फरक ५ मिनिटं ३० सेकंद, त्याचे निम्मे २ मिनिटं ४५ सेकंद. तुमची १०० मीटरची टिकाऊ चाल ही. २५ मीटरच्या तलावात एका राउंडला, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण ४१ सेकंद. दर सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा.

मंगळवार तंत्राचा : २०० मीटर सावकाश. मग ५० मीटरचे सहा तुकडे, प्रत्येकात पहिले २५ ड्रिल आणि पुढचे २५ पूर्ण फ्रीस्टाइल, मध्ये २० सेकंद विश्रांती. ड्रिल म्हणजे हातापायांची एकच हालचाल सुटी करून घोटणं. दोनच पुरेत : एका हाताचं फ्रीस्टाइल, आणि ‘कॅच-अप’, म्हणजे पुढचा हात दुसरा हात येऊन भेटेपर्यंत लांबवलेलाच ठेवायचा. त्यानंतर २५ मीटरचे आठ तुकडे जोरात, शेवटी १०० सावकाश. एकूण ८०० मीटर. आकडा छोटा वाटेल, पण तो मन लावून केला तर एकाच चालीनं केलेल्या दीड हजारापेक्षा जास्त देतो.

गुरुवार चालीचा : २०० सावकाश, ५० चे चार तुकडे हळूहळू वेग वाढवत, मग १०० मीटरचे सहा तुकडे बरोबर २:४५ च्या चालीनं, मध्ये २० सेकंद, शेवटी १०० सावकाश. एकूण ११००, पस्तीस मिनिटांत आटोपतं. पाच-सहा आठवड्यांनी सहाचे आठ तुकडे करा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पहिला तुकडा २:२५ मध्ये मारायचा आणि शेवटचा ३:०५ मध्ये ओढत आणायचा. तसं झालं तर व्यायाम झाला, सराव झाला नाही. पहिला तुकडा ‘हे फारच सोपं आहे’ असं वाटण्याइतका आवरून घ्या. सहाही तुकडे दोन-तीन सेकंदांच्या फरकात आले पाहिजेत. काठावरच्या गप्पा या दिवशी टाळा. वीस सेकंदांची विश्रांती दोन मिनिटांवर गेली की त्या सेटचा उपयोग संपला.

रविवार लांब पोहण्याचा : २०० सावकाश, ४०० चे तीन तुकडे एकेक मिनिट विश्रांतीनं, टिकाऊ चालीपेक्षा १०० मीटरमागे आठ-दहा सेकंद हळू. शेवटी २०० उताणं पोहा, खांद्यांना बरं वाटतं.

एखादा दिवस बुडाला तर तो सोडून द्या. गुरुवारचा सेट रविवारच्या डोक्यावर बसवू नका, त्यातून खांदे दुखतात. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर चालीचा दिवस तंत्राचा करा. बॅग मात्र रात्रीच भरून दाराशी ठेवा : कॉस्च्युम, कॅप, गॉगल, टॉवेल, ऑफिसचे कपडे, ओल्या कपड्यांसाठी पिशवी. पहाटे साडेपाचला गॉगल शोधण्याची वेळ आली, तर बहुतेक वेळा माणूस परत झोपतो.

वय ३८, नाशिक. चार महिन्यांपूर्वी पोहायला शिकले. रोज चार किलोमीटर चालते, तरी २५ मीटर फ्रीस्टाइल केलं की धाप लागते. माझा स्टॅमिनाच कमी आहे का?

स्टॅमिना कमी असता तर चार किलोमीटर चालवलं नसतं. तुम्ही पाण्यात श्वास कोंडून ठेवता, म्हणून दम लागतो. चेहरा पाण्यात असताना हवा आत अडवली, की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. मग डोकं वर काढल्यावर त्या क्षणभरात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा अशी दोन कामं उरतात. घेणं अर्धवट राहतं, पुढचा श्वास आणखी उथळ होतो, आणि पंचवीस मीटरपर्यंत गाडं अडतं.

आठवडाभर उथळ बाजूला कठड्याला धरून फक्त डुबक्या मारा. पाण्याखाली तीन सेकंद नाका-तोंडानं सलग बुडबुडे सोडायचे, वर येऊन एका सेकंदात तोंडानं श्वास घ्यायचा, लगेच परत खाली. अशा वीस डुबक्या धाप न लागता जमल्या की पुढे जा. कठडा ढकलून पालथं तरंगत जाताना नजर तळाच्या रेषेवर असू द्या, बुडबुडे चालूच. मान वर काढून समोर पाहिलं की पाय खाली जातात. मग सगळं अंग पाण्याला आडवं येतं आणि तुम्ही स्वतःलाच मागे ओढत राहता.

श्वास घेताना डोकं उचलू नका, अंगासोबत वळवा. एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे, एवढी एक खूण लक्षात ठेवा. सुरुवातीला दर दोन हातांनी श्वास घ्या. ‘तीन हातांनीच घ्यायचा’ हा आग्रह नवशिक्यांना विनाकारण छळतो, त्याकडे नंतर बघू. पाय अगदी हळू मारा. मांड्यांचे स्नायू मोठे, ते प्राणवायूही तेवढाच खातात. घाबरलेला माणूस पायच जोरात मारतो, तेही गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे. पाय कमरेतून हलले पाहिजेत, घोटे सैल.

मग मोजणी. पहिले दोन आठवडे २५ मीटरचे बारा तुकडे, मध्ये ३० सेकंद. तिसऱ्या आठवड्यात विश्रांती १५ सेकंद. चौथ्यात ५० मीटरचे सहा तुकडे. ५० झाल्यावर लगेच बोलता आलं तर ७५, मग १००. दर वेळी हात मोजा. एका राउंडला ३० हात लागत असतील आणि महिन्याने २५ लागले, तर तुम्ही पुढे गेला आहात, घड्याळ काहीही म्हणो.

दोन गोष्टी गांभीर्याने घ्या. चाळिशीच्या आसपास, किंवा रक्तदाब, मधुमेह असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर ती धाप समजू नका, बाहेर या आणि डॉक्टर गाठा. आणि ‘फुप्फुसं वाढवायची’ म्हणून खोल श्वास घेऊन पाण्याखाली लांबवर जाण्याच्या पैजा लावू नका. त्यात कसलीही सूचना न मिळता शुद्ध हरपते, आणि बुडणारा माणूस वरून शांतपणे पोहत असल्यासारखा दिसतो.

सातारा, शिक्षिका. केस राठ झालेत, दिवसभर अंगाला क्लोरीनचा वास येतो, मधूनमधून कान ठणकतो. आणि पाळीच्या दिवसांत काय करायचं?

तलावाचा तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरीन जास्त असल्याचा नसतो. घाम, लघवी, तेल, क्रीम यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. अंग न धुता पाण्यात उतरणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो. म्हणून आधीचा शॉवर मनापासून घ्या.

केस साध्या पाण्यानं पूर्ण ओले करा, मग सिलिकॉनची कॅप घाला. ओले केस तलावाचं पाणी कमी शोषतात. कापडी कॅप केसांना काहीच वाचवत नाही. तेल थापून उतरू नका, ते पाण्यावर येतं आणि कॅपही निसटते. तेल रात्री लावा. बाहेर आल्यावर दहा मिनिटांच्या आत साध्या पाण्यानं अंघोळ, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा मॉइश्चरायझर. कॉस्च्युम साध्या पाण्यात पिळून सावलीत वाळवा. बॅगेत कोंबलेला आणि उन्हात टाकलेला, दोन्ही लवकर सैल होतात.

कानात काडी, पिन, टॉवेलचं टोक काही घालू नका. डोकं त्या बाजूला कलवून कानाची पाळी हलकेच ओढा, पाणी निघतं. पाळी ओढल्यावर दुखत असेल तर कानाच्या नळीला संसर्ग झालेला असू शकतो. डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत पाण्यात जाऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पोहणं टाळा, नंबरचे गॉगल मिळतात.

पाळीत टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरून पोहायला हरकत नाही. पॅड पाण्यात निरुपयोगी. कप वापरून बघायचा असेल तर आधी घरी दोन-तीनदा सवय करा, पहिला प्रयोग तलावावर नको. त्या दिवसांत नकोच वाटलं तर विश्रांती घ्या, सरावात त्यानं खंड पडत नाही.

वय ५१, पुणे. दोन महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो, हात डोक्यावर नेताना विशेष. हल्ली पॅडल्स (तळव्यांना बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) लावून पोहायला लागलो होतो. थांबवावं का?

पॅडल्स आजच ठेवून द्या. हाताचा पृष्ठभाग वाढला की प्रत्येक ओढीला खांद्यावर भार वाढतो, आणि हात चुकीच्या जागी पडत असेल तर ती चूक दुप्पट जोरानं होते.

कुणाला तरी काठावरून समोरून मोबाईलवर चित्रण करायला सांगा. जवळजवळ नक्की दिसेल ते हे : हात अंगठ्याच्या बाजूनं पाण्यात शिरतोय आणि डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पलीकडे जातोय. या दोन्हींत खांद्याच्या सांध्यातली स्नायुबंधं हाडांमध्ये चेपली जातात, आठवड्याला हजारो वेळा. एकाच बाजूनं श्वास घेण्याची सवय असेल तर श्वास घेताना विरुद्ध हात पाण्यात खचतो, हेही पाहा. दिवसभर संगणकासमोर पुढे झुकलेले खांदे त्यात भर टाकतात.

दहा दिवस हातांचं फ्रीस्टाइल बंद. फक्त पाय मारा, पण किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) लांब हातांनी पुढे धरू नका, त्यानंही खांदा चेपतो. हात अंगालगत ठेवून उताणं किंवा कुशीवर पाय मारा. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, लावले तर सोपं जाईल. परत सुरू करताना पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मंच अंतर. मधलं बोट आधी पाण्यात, तळवा खाली, हात खांद्याच्या सरळ रेषेत. ‘घड्याळात ११ आणि १ वर हात टाकतोय’ असं मनात धरलं तर तो आपोआप खांद्यासमोर पडतो, कारण आपल्याला वाटतं त्यापेक्षा तो नेहमी आतच जात असतो. पाणी ओढताना कोपर मनगटापेक्षा वर.

घरी रबर बँड दाराच्या कडीला बांधा. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल, आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवा. १५ चे दोन सेट, आठवड्यातून तीनदा. बँड हलकाच घ्या, दुखलं तर थांबा.

मात्र रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हात दुसऱ्यानं उचलला तरी वर जात नसेल, किंवा विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर अस्थितज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असणाऱ्यांत फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, जास्त आढळतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

सकाळी पोहून ऑफिसला गेलं की अकरा वाजता भयंकर भूक लागते आणि दुपारी डुलकी येते. काय खावं?

उपाशी पोहत असाल तर तसं होणारच. उतरण्यापूर्वी अर्धा तास एक केळं किंवा दोन-तीन खजूर, हवा तर अर्धा कप चहा. बाहेर आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता, त्यात प्रथिनं हवीतच : मुगाची धिरडी, मटकीची उसळ आणि पोळी, किंवा दोन अंडी. नुसत्या कांदेपोह्यांवर भागत नाही, त्यात शेंगदाणे मुठीनं घाला आणि सोबत वाटीभर दही घ्या. पाण्यातही घाम येतो, फक्त तो दिसत नाही. म्हणून काठावर पाण्याची बाटली ठेवा आणि ऑफिसला पोचेपर्यंत अर्धा लिटर संपवा. दुपारची डुलकी मात्र खाण्यानं जाणार नाही. पाचला उठायचं तर रात्री दहाला दिवा मालवायला हवा, आणि हे घरातल्या सगळ्यांशी आधी बोलून ठरवायला हवं. मुलांचा डबा पोहण्याच्या दिवशी कोण करणार, हा प्रश्न सरावाच्या तक्त्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो आठवड्याच्या सुरुवातीलाच सोडवून ठेवा.

कोल्हापूर. आमचा तलाव उघड्यावरचा. थंडीत पाणी गार, आणि पुढे दुरुस्तीसाठी महिनाभर बंद.

गार पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर सात-आठ मिनिटं हात फिरवणं, उठाबशा, जागेवर धावणं. पहिले २०० न थांबता पोहा, विश्रांत्या पाच-दहा सेकंदांच्या ठेवा, काठावर उभे राहू नका. दात वाजायला लागले की बाहेर, सेट अर्धा राहिला तरी. आधी डोकं पुसा, कानटोपी घाला.

बंदच्या काळात जाड रबर ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवा, कमरेत वाका आणि कोपर उंच ठेवून फ्रीस्टाइलची ओढ करा : २० चे तीन सेट, एक दिवसाआड. जोडीला प्लँक आणि घोटे ताणण्याचा व्यायाम. महिन्याभरानंतर निम्म्या अंतरानं सुरुवात करा, दोन आठवड्यांत मूळ जागी याल.

वय ४७, चिंचवड. तलावात सलग १२०० मीटर पोहते. मालवणच्या स्पर्धेत २ किलोमीटर करायची इच्छा आहे. चार महिने आहेत. या वयात शोभेल का, आणि जमेल का?

दोन्हींचं उत्तर हो. मास्टर्स जलतरणात, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धांत, वयाच्या पंचविशीपासून पुढे दर पाच वर्षांचा गट असतो, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला असलेलं वय धरतात. तलावातल्या मास्टर्स शर्यतींत सूर मारून सुरुवात करणंही सक्तीचं नाही, पाण्यात भिंत ढकलून निघता येतं. मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणाऱ्या राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेत लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळे उतरतात, तेव्हा शोभण्याची काळजी सोडा.

तयारीत आधी हे लक्षात घ्या, की तलावातले २००० मीटर म्हणजे ८० राउंड आणि ७९ वेळा भिंतीचा आधार. प्रत्येक ढकलीत तीन-चार मीटर फुकट मिळतात आणि हातांना क्षणभर विसावा. समुद्रात भिंत नाही. म्हणून तलावात २४०० मीटर सलग जमेपर्यंत रविवारचं अंतर वाढवत न्या : १२०० वरून सुरुवात, दर आठवड्याला १०० ते १५० मीटर वाढ, दर चौथ्या आठवड्यात तिसऱ्या हिश्शानं कमी. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा भिंतीला न शिवता, टी-रेषेवरच (तळाची रेषा भिंतीआधी जिथे आडवी संपते तिथे) वळून ४०० मीटर पोहा. शेवटच्या आठवड्यात एकूण अंतर निम्मं.

दुसरी तयारी दिशेची. समुद्रात तळाची रेषा नसते आणि प्रत्येकाचा एक हात थोडा जास्त ओढतो, त्यामुळे माणूस वाकडा जातो. दर आठ हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढा, मगर काढते तसे, आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्या. तोंड वर काढलंत तर पाय बुडतील. तरंगत्या खुणेकडे पाहण्यापेक्षा तिच्यामागे किनाऱ्यावरची उंच गोष्ट हेरून ठेवा, कारण लाटेत खूण दिसत नाही. तलावात दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका. एका बाजूनं लाट येत असेल तर दुसरीकडून घ्यावा लागतो.

स्पर्धेआधी निदान दोनदा समुद्रात, पण कधीही एकट्यानं नाही. सोबत पाणी ओळखणारा स्थानिक माणूस, डोक्यावर भडक रंगाची कॅप, कमरेला दोरीनं बांधलेला फुगा. भरतीचा अंदाज कोकणात तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशोब झाला. पाण्यात उतरायचं ते त्या दिवसाचं वेळापत्रक पाहून आणि तिथल्या मच्छीमारांना विचारूनच. पावसाळ्यात समुद्राचा सराव नको.

मान, काखा आणि कॉस्च्युमच्या कडांवर व्हॅसलीन लावा. खाऱ्या पाण्यात मान इतकी घासते की दुसऱ्या दिवशी कॉलर सहन होत नाही. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले तंतू उघड्या बोटांनी न धरता काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय.

सुरुवातीच्या गर्दीत कडेला उभ्या राहा आणि दहा सेकंद उशिरा निघा. पहिले १०० मीटर मुद्दाम हळू. लाथ लागली, पाणी नाकात गेलं, छाती धडधडली तर उताण्या व्हा, दहा श्वास मोजा आणि परत पालथ्या होऊन पुढे निघा. खाऱ्या पाण्यात अंग तलावापेक्षा चांगलं तरंगतं. दहा श्वासांनंतरही बरं वाटलं नाही तर एक हात सरळ वर करा, बचावनौका येते. ही उताणं होण्याची क्रिया तलावात प्रत्येक रविवारी चार-पाचदा करून ठेवा, लांब पोहण्याच्या मध्येच, न थांबता.